मेंदूच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवू नका

सकाळचे सात. चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळीच्या बसगाड्या बाहेर पडत असतात आणि त्याच रस्त्याने पहिल्या पाळीच्या गाड्या आत येत असतात. बाहेर पडणाऱ्या गाड्यांमध्ये खिडकीला डोके टेकून पेंगणारी माणसे दिसतात. कोवळे ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर येत असते. घरी पोहोचल्यावर चहा, आंघोळ, मुलांच्या शाळेची गडबड आणि मग लख्ख उजेडाच्या खोलीत झोपेचा प्रयत्न. दुपारी बाराएकला डोळा उघडतो, तो पुन्हा लागत नाही. ‘होईल हळूहळू सवय’ असे अशा माणसाला घरचे सांगतात आणि सुपरवायझरही. रुग्णालयात नव्याने लागलेल्या परिचारिकेला वॉर्डातल्या जुन्या सिस्टरही हेच सांगतात. सवय मात्र होत नाही. झाल्यासारखी वाटू लागते, तोवर फळ्यावर पुढच्या आठवड्याचा ड्यूटी चार्ट लागलेला असतो.

ही सवय का होत नाही, याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत विज्ञानाने बऱ्याच तपशिलाने दिले आहे. प्रश्न मनाच्या निर्धाराचा नाही, आळसाचा तर नाहीच. मेंदूत एक घड्याळ आहे. ते प्रकाशाचे ऐकते, ठरावीक वेगानेच सरकते आणि एका दिशेला सहज तर दुसऱ्या दिशेला कुरकुरत फिरते. हे तीन नियम पाळून पाळ्यांचे वेळापत्रक आखता येते. त्यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत, मोठा खर्चही येत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी वेळापत्रक आखताना माणसांची संख्या मोजली जाते, तास मोजले जातात. घड्याळ मात्र कोणी विचारात घेत नाही.

या घड्याळाची पहिली चाहूल लागली ती एका झाडामुळे. १७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ दे मेराँ यांनी लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे पाने केवळ सूर्य पाहून हलत नव्हती. वेळेचे भान झाडाच्या आतच होते. सस्तन प्राण्यांमध्ये हे भान कोठे असते, ते १९७२ मध्ये कळले. अमेरिकेतील संशोधकांच्या दोन गटांनी उंदरांच्या मेंदूतील एक छोटासा भाग निकामी केला, तेव्हा त्या उंदरांच्या दिवस-रात्रीच्या लयीच नाहीशा झाल्या. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर असलेला हा भाग म्हणजे सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. त्यात सुमारे २० हजार पेशी असतात आणि प्रत्येक पेशी स्वतःच एक घड्याळ असते. पेशीतील काही जनुके प्रथिने तयार करतात, ती प्रथिने साठली की त्याच जनुकांचे काम थांबवतात, प्रथिने विरली की काम पुन्हा सुरू होते. या फेऱ्याला साधारण एक दिवस लागतो. ही यंत्रणा फळमाशीत उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘साधारण एक दिवस’ या शब्दांत सगळी गोम आहे. माणसाच्या आतल्या घड्याळाचा फेरा बरोबर २४ तासांचा नसतो. हार्वर्डमधील चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये काटेकोर प्रयोगांतून दाखवले, की तो सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास असतो. म्हणजे घड्याळ रोज थोडे मागे पडते आणि रोज ते लावून घ्यावे लागते. ते लावण्याचे काम प्रकाश करतो. डोळ्याच्या पडद्यावर दृष्टीच्या पेशींखेरीज आणखी काही खास पेशी असतात. त्यांत मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते, ते निळसर प्रकाशाने सर्वाधिक चेतवले जाते आणि त्या पेशी थेट मेंदूतल्या घड्याळाला ‘बाहेर उजेड आहे’ असा निरोप धाडतात. माणूस काय पाहतो याच्याशी त्यांना फारसे देणेघेणे नसते. उजेड किती आणि केव्हा, एवढेच त्या सांगतात.

यातला ‘केव्हा’ सर्वांत महत्त्वाचा. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत खाली उतरते. सकाळी सातला उठणाऱ्या माणसात साधारण चार-पाचच्या सुमारास. या टप्प्याच्या आधीच्या काही तासांत भरपूर प्रकाश डोळ्यांवर पडला, तर मेंदू समजतो की दिवस अजून मावळलेला नाही आणि घड्याळ उशिराच्या बाजूला सरकते. दुसऱ्या दिवशी झोपही उशिरा येते, जागही उशिरा येते. या टप्प्यानंतर प्रकाश पडला, तर मेंदू समजतो की उजाडले आणि घड्याळ लवकरच्या बाजूला सरकते. तोच दिवा रात्री एक वाजता एका दिशेला ढकलतो आणि सकाळी सातला नेमक्या विरुद्ध दिशेला. आतला फेराच २४ तासांहून किंचित लांब असल्यामुळे बहुतेकांना उशिराकडे सरकणे सोपे जाते. लंडनला जाणाऱ्या प्रवाशाला फारसा त्रास होत नाही, पण मुंबईला परतल्यावर चार दिवस झोपेची घडी बसत नाही, याचे कारण हेच. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे येताना तो आखडतो.

सरकण्याचा वेगही मर्यादित असतो. प्रकाशाचे वेळापत्रक अचानक बदलले, तर माणसाचे घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास या गतीने जुळवून घेते. १९३८ मध्ये नथॅनिएल क्लाइटमन हे झोपेचे अभ्यासक आपल्या एका विद्यार्थ्यासह अमेरिकेतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि तेथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण विद्यार्थ्याने बऱ्यापैकी जुळवून घेतले. वयाची चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र महिनाभर २४ तासांच्याच तालावर चढत-उतरत राहिले. ठरवून, शिस्तीने, सूर्य दिसत नसलेल्या गुहेत राहूनही ते बदलले नाही. सवयीचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग आठवावा असा आहे.

या संथपणामागचे कारण अलीकडे उलगडू लागले आहे. डोळ्यांचा निरोप या २० हजार पेशींपैकी गाभ्यातल्या पेशींना आधी मिळतो आणि त्या लवकर हलतात. कडेच्या पेशी मागे रेंगाळतात. सगळ्या पेशी एकमेकींशी रासायनिक संदेशांनी बांधलेल्या असल्यामुळे पुढे पळणाऱ्या पेशींनाही बाकीच्या मागे खेचून धरतात. क्योटो विद्यापीठातील हितोशी ओकामुरा यांच्या गटाने २०१३ मध्ये असे उंदीर तपासले, ज्यांच्यात व्हॅसोप्रेसिन या संदेशवाहकाचे दोन ग्राहक नव्हते. प्रकाशाचे चक्र कित्येक तासांनी बदलले, तरी ते उंदीर जवळजवळ लगेच नव्या वेळेला लागले. थोडक्यात, पेशींची ही एकी हाच घड्याळाचा ब्रेक. ती एकी उगीच आलेली नाही. विजेच्या लखलखाटाने, ढगाळ दिवसाने किंवा रात्रीच्या शेकोटीने घड्याळ बिघडू नये, म्हणून निसर्गाने ते मुद्दाम सहजी न हलणारे केले. आठवड्या-आठवड्याला दिवस आणि रात्र यांची अदलाबदल होईल, ही शक्यता त्या रचनेत नव्हती.

त्यात हे एकच घड्याळ नाही. यकृत, स्वादुपिंड, स्नायू, आतडे यांच्या पेशींतही घड्याळे असतात. मेंदूतले घड्याळ त्यांना सांभाळून घेते; पण यकृतासारख्या अवयवावर जेवणाच्या वेळेचाही मोठा पगडा असतो. रात्री दोनला कॅन्टीनमध्ये डबा उघडला जातो, तेव्हा मेंदू ‘मध्यरात्र’ म्हणत असतो आणि यकृताला जेवणामुळे ‘दिवस’ असा निरोप मिळतो. २०२१ मध्ये हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी १९ निरोगी तरुणांवर प्रयोगशाळेत रात्रपाळीची नक्कल करून पाहिली. रात्री जेवणाऱ्या गटाच्या रक्तातील साखरेचे नियंत्रण बिघडले. रात्री जागूनही फक्त दिवसाच जेवणाऱ्या गटाचे तसे बिघडले नाही. प्रयोग छोटा आहे, पण जागरणाइतकेच रात्रीचे जेवणही महत्त्वाचे असू शकते, याकडे तो बोट दाखवतो.

परदेशी प्रवास आणि रात्रपाळी यांतला फरक येथे लक्षात घ्यायला हवा. न्यूयॉर्कला उतरलेल्या माणसाला तेथला सूर्य मिळतो, तेथले जेवणाचे वेळापत्रक मिळते, सारे शहर त्याच्या नव्या वेळेनुसार चाललेले असते. आठ-दहा दिवसांत त्याचे घड्याळ लागते. हिंजवडीत बसून न्यूयॉर्कच्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या तरुणाचे तसे नाही. त्याला काम न्यूयॉर्कच्या वेळेवर करायचे असते, पण डोक्यावरचा सूर्य पुण्याचाच राहतो. दिवसभर झोपता यावे म्हणून त्याचे घड्याळ उशिराकडे सरकायला हवे. मात्र सकाळी सातला घरी येताना डोळ्यांवर पडणारे ऊन ते नेमके लवकरकडे, म्हणजे पुन्हा दिवसपाळीकडे ओढते. रात्रभर जे थोडेफार साधले असेल, ते घरापर्यंतच्या प्रवासात पुसले जाते. म्हणूनच कायम रात्रपाळी करणाऱ्यांतही घड्याळ पूर्णपणे उलटलेली माणसे अगदी थोडी सापडतात. याला अपवाद आढळतो तो उत्तर समुद्रातील तेलफलाटांवर. तेथे रात्रपाळीचे कामगार फलाटावरच झोपतात, त्यांना सकाळच्या उन्हातून घरी जावे लागत नाही; आणि त्यांचे घड्याळ आठवडाभरात बरेच जुळते. माणसे तीच, फरक प्रकाशाचा. अर्थात किनाऱ्यावर घरी परतल्यावर त्यांनाही सगळे उलट करावे लागते.

या ओढाताणीची किंमत केवळ पेंगण्यात मोजून चालणार नाही. रात्रपाळी करणाऱ्यांची दिवसाची झोप सहसा एक ते चार तासांनी तोकडी पडते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत फिरत्या रात्रपाळीची वर्षे जितकी अधिक, तितका टाइप-२ मधुमेहाचा धोका अधिक असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये घड्याळ विस्कटणाऱ्या पाळ्यांच्या कामाला ‘बहुधा कर्ककारक’ गटात ठेवले आणि २०१९ मध्ये फेरविचार करून रात्रपाळीचे काम त्याच गटात कायम केले. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होईल असा मुळीच नाही. हा गट पुरावा किती बळकट आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नव्हे. लाल मांसही त्याच गटात आहे. पण हा विषय ‘जरा झोप कमी होते’ एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही, इतके त्यातून नक्की कळते.

रुग्णालय रात्री बंद ठेवता येत नाही. भट्टी विझवता येत नाही, रेल्वे थांबवता येत नाही. रात्रपाळी राहणारच. प्रश्न तिची रचना कशी असावी हा आहे. पाळी दर आठवड्याला बदलण्याची पद्धत सर्रास दिसते आणि घड्याळाच्या दृष्टीने तीच सर्वांत गैरसोयीची. पाळी आठ तासांनी बदलली, की दिवसाला एक तास या हिशेबाने जुळवून घ्यायला आठवड्याहून अधिक काळ लागणार. घड्याळ अर्ध्या वाटेवर येते आणि पाळी पुन्हा बदलते. दोन-तीन दिवसांतच पाळी बदलली, तर घड्याळ फारसे हलतच नाही आणि झोपेची थकबाकी लवकर फेडता येते. तीन-चार आठवडे एकच पाळी ठेवली, तर निदान जुळवून घ्यायला वेळ मिळतो. या दोहोंत चांगले कोणते, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. आठवडा मात्र दोन्हीकडून तोट्याचा.

दिशेचा मुद्दा त्याहून सोपा. सकाळ, मग दुपार, मग रात्र या सुलट क्रमात पाळी प्रत्येक वेळी उशिराकडे सरकते, घड्याळाच्या कलाने. रात्र, मग दुपार, मग सकाळ या उलट क्रमात ते प्रत्येक वेळी लवकरकडे ओढावे लागते. झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या युटा राज्यातील खनिजांच्या एका कारखान्यात हे करून पाहिले आणि १९८२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे दर आठवड्याला उलट क्रमाने पाळी बदलत असे. क्रम सुलट केला आणि बदल तीन आठवड्यांनी ठेवला, तेव्हा कामगारांचे समाधान वाढले, तब्येतीच्या तक्रारी घटल्या, नोकरी सोडण्याचे प्रमाण उतरले आणि उत्पादनही वाढले. या निष्कर्षांना चार दशके उलटून गेली आहेत.

यावर आक्षेप येतील आणि त्यांतले काही रास्त आहेत. अनेक कामगारांनाच उलट क्रम आवडतो, कारण त्यात पाळ्यांचा फेरा संपल्यावर सलग मोठी सुटी पदरात पडते. गावी जाऊन यायला ती सोयीची असते. सुलट क्रमात रात्रपाळीकडून सकाळपाळीकडे येतानाचा सांधा अवघड असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचा स्वतंत्र विचार केला, हे खरे. पण त्यातील तरतूद अशी होती, की साप्ताहिक सुटी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. रविवारी सकाळी सातला सुटलेला माणूस सोमवारी सकाळी सातला पुन्हा यंत्रापाशी उभा राहिला, तर कागदोपत्री त्याची सुटी पूर्ण झालेली असते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला एकच रात्र आलेली असते आणि रविवारचा दिवस जागरण भरून काढण्यात गेलेला असतो. २४ तासांची ही मोजणी भिंतीवरच्या घड्याळाची आहे.

येथेच धोरणाला जागा आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार कोणत्याही २४ तासांत सलग ११ तासांची विश्रांती आवश्यक असते आणि रात्रपाळीच्या कामगारांची आरोग्य तपासणी विनामूल्य करावी लागते. महाराष्ट्रात स्त्रियांच्या रात्रपाळीवर चर्चा झाली, ती प्रामुख्याने सुरक्षितता आणि वाहतूक यांभोवती. ती आवश्यकच होती. पण कंपनीच्या गाडीने सुखरूप घरी आलेली स्त्री लगेच ओट्यापाशी उभी राहत असेल आणि दुपारी दोन तासही सलग झोपत नसेल, तर तिच्या रात्रपाळीचा अर्धाच प्रश्न सुटलेला असतो. पाळ्यांचा क्रम सुलट असावा, दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांचे अंतर असावे, रात्रपाळ्यांच्या फेऱ्यानंतर निदान सलग दोन रात्री घरी झोपायला मिळाव्यात आणि मधुमेह, रक्तदाब यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, या चार गोष्टी कारखान्याचा मनुष्यबळ विभाग किंवा रुग्णालयाच्या मेट्रन उद्यापासून ठरवू शकतात. कामगार संघटनांनी वेतनकरारात पगारवाढीच्या कलमाशेजारी या मागण्याही मांडायला हव्यात.

व्यवस्था बदलेपर्यंत रात्रपाळी करणाऱ्यांच्या हातात थोडे आहे, पण आहे. सलग बऱ्याच रात्री असतील, तर पाळीच्या पूर्वार्धात भरपूर उजेडात काम करावे आणि शेवटच्या एक-दोन तासांत शक्य तेथे उजेड कमी ठेवावा. बसने किंवा दुसऱ्याच्या गाडीने परतताना गडद चष्मा आणि टोपी वापरावी. स्वतः दुचाकी चालवणाऱ्याने मात्र झोप चढलेली असताना चष्म्याचा प्रयोग करू नये, किंबहुना गाडीच चालवू नये. झोपण्याच्या खोलीत जाड, गडद पडदा लावावा. तो नसेल तर डोळ्यांवर काळी पट्टी. कामावर निघण्यापूर्वी छोटी डुलकी घ्यावी. मुख्य जेवण कामावर जाण्याआधी उरकावे आणि मध्यरात्रीनंतर हलकेच काही खावे. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या भागातच संपवावी. मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण चुकीच्या वेळी घेतलेली गोळीही घड्याळ चुकीच्या दिशेला ढकलू शकते. मधुमेहाच्या रुग्णांनी जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलाव्यात.

उरलेले काम घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे. ‘दिवसाढवळ्या झोपतो’ हे मराठी घरात आजही टोमणा म्हणून वापरले जाते. सकाळी नऊला झोपलेली परिचारिका तिच्या मध्यरात्री झोपलेली असते. त्या वेळी दाराची बेल वाजवणे, मिक्सर लावणे किंवा ‘सहज केला’ म्हणून फोन करणे आणि इतरांना रात्री दोनला उठवणे यात काहीच फरक नाही. घरच्यांनी एवढे ओळखले, तर तिला दोन-तीन तासांची जास्तीची झोप आजच मिळू शकते. बाकीचे फळ्यावर लागणाऱ्या पुढच्या ड्यूटी चार्टवर अवलंबून आहे, आणि तो आखणाऱ्याने रात्रीनंतर दुपार लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबले पाहिजे.